शर्मनचा हुकूम फॉरवर्ड करण्याआधी एकदा वाचा तरी

असले फॉरवर्ड मी एरवी उघडत पण नाही, पण माझ्या भाच्याने हा कॉलेजच्या भाषणात घेतला म्हणून लिहितोय. दावा असा की १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या फौजेच्या जनरल शर्मनने बंडखोर दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातल्या मोहिमेआधी अधिकाऱ्यांना लेखी हुकूम दिला: दिसेल ते घर जाळा, हवं ते लुटा, सगळ्या गुलामांना सोडवून सोबत आणा.

अरे, तो हुकूम नेटवर अख्खा आहे! स्पेशल फील्ड ऑर्डर्स नंबर १२०, ९ नोव्हेंबर १८६४.

जाळण्याचं म्हणाल तर घरं, गिरण्या, कापसाचे जिन (सरकी काढायची यंत्रं) नष्ट करायचा अधिकार फक्त कोअर (फौजेचा मोठा विभाग) कमांडरांना, म्हणजे साठेक हजारांच्या फौजेत चौघांना. फौजेला त्रास नाही तिथे हात लावायचा नाही, गनिमी हल्ले झाले किंवा लोकांनी पूल जाळले तर मात्र त्या प्रमाणात विध्वंस करा असं आहे, आणि ते क्रूरच आहे.

लुटीचा मुद्दा अर्धा खरा, मान्य. मका, मांस, भाजी गोळा करा असं लिहिलंय, पण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, सैनिकांनी घरात न शिरता आणि प्रत्येक कुटुंबाला जगण्यापुरतं ठेवून. हे सर्रास मोडलं गेलं. शर्मननेच नंतर १० कोटी डॉलर्सच्या नुकसानीचा अंदाज दिला आणि त्यातलं ८ कोटींचं नुसती नासधूस म्हटलं.

पण गुलामांबद्दलचं वाचून डोकं फिरलं. हुकुमात आहे की धडधाकट, कामाचे असतील ते न्यायला हरकत नाही, पण रसद आधी शस्त्र घेतलेल्यांसाठी. म्हणजे बायका, पोरं, म्हातारे यांची जबाबदारी कुणावरच नाही. तरी हजारो लोक मागून चालत आले. ९ डिसेंबरला जॉर्जियातल्या एबेनेझर क्रीक या ओढ्यावर चौदाव्या कोअरचा जनरल जेफरसन सी. डेव्हिस (दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस तो वेगळा) याने या लोकांना थांबवून ठेवलं, फौज पार झाली आणि तरंगता पूल काढून घेतला. मागून व्हीलरचं दक्षिणेचं घोडदळ येत होतं, लोकांनी गार पाण्यात उड्या टाकल्या, कितीतरी बुडाले, राहिले त्यातले बरेच पकडले गेले. डेव्हिसला शिक्षा झाली नाही, शर्मनने त्याची बाजू घेतली. ही माणसं फॉरवर्डमध्ये कुठायत?

१६ जानेवारी १८६५ ला शर्मनने मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला, हे खरंय. पण त्याच वर्षी अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन याने त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत द्यायला लावली, तेही लिहा.