करणी एकाची, बदनामी दुसऱ्याची

निवडणुका लागल्या की वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास भेटतो: मानभावी. ‘मला पदाची अपेक्षा नाही, पक्ष देईल ती जबाबदारी,’ असं म्हणणाऱ्या इच्छुकाला तो चपखल बसतो, हे मान्य. गोडबोल्या नुसती साखरपेरणी करतो, तोंडपुज्या समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. मानभावी माणूस मात्र स्वतःलाच खाली ठेवतो. नम्रतेचं सोंग हेच त्याचं भांडवल.

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकीला बिल्डरचा एक माणूस यायचा. आल्या आल्या ज्येष्ठांच्या पाया पडायचा. एकदा तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, ‘इमारत पूर्ण होईपर्यंत भाडं देणार म्हणता, ते करारात कुठंय?’ तर हात जोडून म्हणतो कसा, ‘काकू, पोटच्या मुलाकडून कुणी लिहून घेतं का?’ काकू शांतपणे म्हणाल्या, ‘मी घेतलंय.’

बैठक संपल्यावर जिन्यात कुणीतरी कुजबुजलं, ‘अगदी मानभावी हो!’ माझं भांडण या शब्दाशी आहे.

मानभाव म्हणजे महानुभाव. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी उभा केलेला पंथ. जातीची उतरंड न मानणारा, बायकांनाही संन्यास देणारा, अहिंसेबाबत कमालीचा काटेकोर. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ आणि महदंबेचे ‘धवळे’ ही मराठीची थोरली पुंजी याच पंथाची. पंथातले पंडित केशिराजबास संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा चक्रधरांमागं पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. का, तर माझ्या म्हाताऱ्यांना ते कळायचं नाही! आडपडदा नको म्हणून मराठी धरणाऱ्यांचं नाव आपण कशाला चिकटवलं, तर ढोंगाला. पुढं पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत गेल्या. त्यात काळी वस्त्रं, श्रीकृष्ण-दत्तात्रेय सोडून इतर देवांची पूजा नाही. बाहेरच्यांच्या संशयाला एवढं पुष्कळ झालं.

‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण नीट ऐका. तिच्यात लबाड आहे तो तिसराच, मानभावाची मऊ बोली उसनी घेणारा. मानभाव खरोखरच मऊ बोलत असल्याशिवाय ही म्हण उभीच राहत नाही. (कसाबावर अन्याय आहेच, पण तो वेगळा विषय.) विशेषण झालं तेव्हा मात्र उसनवारी करणारा सुटला आणि ज्याची बोली त्याच्याच माथी ढोंग आलं.

विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात ‘दंडवत प्रणाम’ म्हणत भेटणारी महानुभाव कुटुंबं आजही आहेत. त्यांच्या पोरांना पाठ्यपुस्तकात ‘लीळाचरित्र’ भेटतं आणि शब्दकोशात मानभावी म्हणजे दांभिक. ‘अहो, आता मूळ अर्थ कुणाच्या लक्षात असतो?’ असं म्हणणाऱ्यांनी हे त्या पोरांना सांगून बघावं.

बरं, शब्दांचा दुष्काळ आहे म्हणावं तर तसंही नाही. मला ‘साळसूद’ पुरतो. अग्रलेखवाल्यांना तो सौम्य वाटत असेल तर ‘ढोंगी’ आहे, ‘कावेबाज’ आहे, ‘आतल्या गाठीचा’ आहे. बिल्डरच्या त्या माणसाला तर हे चारही चालतील.