आधी प्रश्न, मग पुस्तक

"समाज समजून घ्यायचा तर आधी काय वाचू? इतिहास, आत्मचरित्र की कादंबरी?" आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्यानं कट्ट्यावर एवढंच विचारलं, आणि अंधार पडेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

वकिलानं निकाल देऊन टाकला. "इतिहास. बाकी दोन्हींत माणूस आपलीच बाजू मांडतो. जिची उलटतपासणी झाली नाही, ती साक्ष मी धरत नाही."

मास्तरांनी जन्मभर इतिहास शिकवलेला. ते वकिलाची री ओढतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "वकीलसाहेब, कागद तरी कुणाचे असतात? सारा किती जमला, शिक्षा किती जणांना झाली, हे वसूल करणाऱ्यानं आणि शिक्षा देणाऱ्यानं लिहून ठेवलं. दफ्तर हीसुद्धा साक्षच की. तिची उलटतपासणी कोण करतं?"

ताईची सगळी नोकरी ग्रंथालयात झाली. तिनं हॅरिएट जेकब्जचं नाव काढलं. अमेरिकेतली ही गुलाम स्त्री मालकाच्या छळातून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या छपराखाली, धड उभंही राहता येणार नाही अशा पोकळीत जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. 1861 साली तिनं आपली हकिगत छापली, तीही टोपणनावानं. "आणि पुढे शंभरएक वर्षं अभ्यासकांनी काय म्हणावं?" ताईचा आवाज चढला होता. "ही कादंबरी आहे! संपादन करणाऱ्या गोऱ्या बाईनंच रचली असेल! गुलाम बाई इतकं चांगलं लिहीलच कशी? जीन फेगन येलिन या अभ्यासक बाईंनी जुनी पत्रं धुंडाळली, पुस्तकातली माणसं खरी कोण ते शोधून काढलं, आणि 1987 साली पुराव्यांसकट आवृत्ती काढली. तेव्हा कुठे ते जेकब्जचं आत्मचरित्र म्हणून सर्वमान्य झालं."

"म्हणजे शेवटी कागदच तिच्या मदतीला आले ना?" वकील म्हणाला.

मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्यानं ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचूचं उदाहरण पुढे केलं. माया समाजातल्या या बाईनं सांगितलेली जीवनकहाणी 1983 साली पुस्तकरूपानं आली, 1992 साली तिला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, आणि 1999 साली डेव्हिड स्टोल या मानववंशशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की तिनं डोळ्यांदेखत घडल्यासारखे सांगितलेले काही प्रसंग तसे घडलेले नाहीत. "मग मी कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवू?"

"त्याच वर्षी तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला," ताई शांतपणे म्हणाली. "दोन लाखांहून जास्त माणसं मारली किंवा नाहीशी केली गेली, असा त्यांचा अंदाज. ज्यांची ओळख पटली त्यांतले 83 टक्के माया. तिची कहाणी खोटी ठरली की तिच्यातले काही तपशील चुकले, हे तू ठरव."

"तपशील चुकणं ही लहान गोष्ट नाही, ताई."

मला दोघांचंही पटतं. मेंचूनं सुरुवातीलाच सांगितलंय की ही तिच्या एकटीची नाही, तिच्या साऱ्या लोकांची कहाणी आहे. आपल्याकडच्या दलित आत्मकथनांतही एकट्याची गोष्ट सांगता सांगता लेखक साऱ्या वस्तीच्या वतीनं बोलू लागतो. 'बलुतं' 1978 साली आलं, 'उपरा' 1980 साली. शेजारी राहूनही जे आयुष्य वाचणाऱ्या वर्गानं पाहिलं नव्हतं, ते या पुस्तकांनी त्याच्या घरात आणून ठेवलं. अशा ठिकाणी वाचकानं एक भान ठेवायला हवं. कुठलं वाक्य पाहिलेलं आहे, कुठलं ऐकलेलं आहे आणि कुठलं साऱ्यांच्या वतीनं बोललेलं आहे, हे ओळखायचं. त्यानं पुस्तकाची किंमत कमी होत नाही, उलट ते जास्त नीट वाचलं जातं.

पण या भांडणात कादंबरी मागे पडत चालली होती, आणि ते मला बघवेना. मी म्हटलं, एकच प्रश्न घेऊ. लहानपणी लग्न झालेल्या मुलीचं, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, नेमकं काय होत होतं?

इतिहासाचं पुस्तक काय सांगेल? 1890 च्या सुमारास बंगालात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली. शरीरसंबंधाला संमतीची कायद्यातली वयोमर्यादा दहाची असल्यामुळे त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच होईना. त्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. 1891 साली संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा बारावर गेली. परक्या सरकारनं यात हात घालू नये म्हणून टिळकांनी विरोध केला. सभा, अर्ज, अग्रलेख, सगळं नोंदलेलं आहे. खटल्यात फुलमणीच्या आईची साक्षही आहे. पण या सगळ्या गदारोळात बोलणारे बहुतेक पुरुष.

आता रमाबाई रानड्यांच्या आठवणी उघडा, 1910 सालच्या. अकराव्या वर्षी लग्न, नवरा एकतीस वर्षांचा, सुधारक, बायकोला शिकवायला उत्सुक. तरीही शिकते म्हणून बोलणी खावी लागली ती घरातल्याच बायकांची. कायद्याच्या इतिहासात हे माजघर येत नाही. सुधारणेचा विरोधक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सभा गाजवणारा पुरुष येतो. रमाबाई दाखवतात की जिनं स्वतः सगळं सोसलं, तीच दुसरीच्या हातातली पाटी ओढू शकते.

पण आठवणी लिहायला माणूस जगावं लागतं, अक्षर यावं लागतं, वेळ मिळावा लागतो. ज्या मुलींना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांचं काय? हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, म्हणजे बाहेर संमतिवयाचा वाद पेटलेला असताना. तिच्यातली यमू स्वतःच आपली गोष्ट सांगते. ती कुणी खरी मुलगी नव्हती. पण जिच्या नावाचा कागद उरला नाही आणि जिनं आठवणीही लिहिल्या नाहीत, तिच्यापर्यंत पोचायला कादंबरीखेरीज दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

मास्तरांनी नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांची आठवण काढली. त्यांच्या 1958 सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'च्या शेवटी गोरा जिल्हाधिकारी आपण लिहिणार असलेल्या पुस्तकाचा विचार करत असतो, आणि ज्या माणसाचं अख्खं आयुष्य आपण नुकतं वाचलंय, त्याला एक परिच्छेद पुरे होईल असं त्याला वाटतं. "दफ्तरात माणूस कसा मावतो, ते मला कुठल्याही इतिहासग्रंथानं इतकं नेमकं दाखवलं नाही," मास्तर म्हणाले. इतिहासाच्या माणसानं हे म्हणावं, याचं मला फार मोल वाटलं.

ताईचं समाधान झालं नव्हतं. "पण यमूच्या तोंडून बोलतंय कोण? पुरुषच ना? हरिभाऊंच्या आधी, 1882 साली, ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सुरतेच्या एका विधवेला शिक्षा झाली, ते निमित्त. काय संताप आहे त्यात! पुरुषांना एकेक अवगुण घेऊन जाब विचारलाय. तो संताप यमूच्या तोंडी का नाही? भल्या मनाच्या लेखकाला सोसणारी बाई दिसते, चवताळलेली दिसत नाही."

त्यावर कुणीच काही बोललं नाही. मला अजूनही वाटतं की हरिभाऊंनी जे केलं ते त्या काळात मोठं होतं. पण ताईचं वाक्य डोक्यातून जात नाही. ताराबाई वाचल्या नसत्या, तर यमूत काय नाही हे दिसलंच नसतं.

धाकटा कंटाळला असेल असं वाटलं, पण तो नीट ऐकत होता. "म्हणजे आधी पुस्तक नाही निवडायचं, आधी प्रश्न," तो म्हणाला. "माझा प्रश्न असा आहे, धान्य असूनही माणसं भुकेनं मरतात कशी?"

झालं, सगळे तुटून पडले. 1943 चा बंगालचा दुष्काळ घे, यावर मात्र एकमत. अमर्त्य सेन यांचं 1981 सालचं 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' मास्तरांनी सुचवलं. त्या वर्षी धान्याचा साठा 1941 पेक्षा कमी नव्हता. महागाईच्या मानानं मजुरांच्या हातात पैसा उरला नाही, हे त्यात आकड्यांनी मांडलंय. ताई म्हणाली, त्याच सेन यांच्या 2021 सालच्या आठवणींमध्ये नऊ वर्षांचा मुलगा दारी आलेल्या भुकेल्यांना सिगारेटच्या डब्यानं मापून तांदूळ देतो, तेही वाच. एकच माणूस दोन्हीकडे भेटतो. मी विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'अशनि संकेत' ही कादंबरी सांगितली, कारण दुष्काळ येतोय हे गावाला किती उशिरा कळतं, ते आकड्यांत सापडायचं नाही.

"आधी चौकशी आयोगाचा अहवाल," वकील म्हणाला. "1945 चा."

"त्यात मेलेल्यांचा आकडा पंधरा लाखांच्या आसपास आहे," मास्तर म्हणाले, "आणि सेन यांचा अंदाज तीस लाखांच्या घरात."

"म्हणूनच आधी वाचायचा. कुठे कमी मोजलं, ते तरी कळेल."

"मी त्याला उद्या कादंबरी आणून देणार आहे," ताई उठता उठता म्हणाली. "तू तुझा अहवाल घेऊन ये."