डाउनहिलमध्ये फ्रान्सच एक नंबर, आणि का ते सांगतो

डाउनहिल माउंटन बाईकिंगचा, म्हणजे डोंगरावरून घड्याळ लावून एकेकाने सायकल खाली पळवायच्या रेसचा, विषय निघाला की आमच्यातले निम्मे लोक लगेच ब्रिटन म्हणून मोकळे होतात. मला नाही पटत. माझं उत्तर फ्रान्स, आणि दर सीझनला ते अजूनच पक्कं होतंय.

निकोला वुइयोज १९९५ ते २००२ मध्ये सात वेळा एलिट (मोठ्यांच्या सगळ्यात वरच्या गटाचा) वर्ल्ड चॅम्पियन, त्याआधी ज्युनिअरमध्ये लागोपाठ तीनदा. आन-कॅरोलिन शोसाँ तर त्याच्याही पुढे, एलिटमध्येच नऊ टायटल आणि वर २००८ ला बीजिंगमध्ये बीएमएक्सचं (छोट्या सायकलींची ट्रॅकवरची रेस) ऑलिंपिक गोल्ड. मग फाबियाँ बारेल दोनदा. आता कोणी म्हणेल की २००५ नंतर फ्रान्सच्या पुरुषांना दहा वर्षं एकही टायटल नाही, ते कसं विसरतोस? विसरलो नाही. पण त्याच काळात बायकांचं बघा ना, जोनिए २००६ आणि २००७, रागो २००९ आणि २०११, शार २०१२. आणि २०१५ ला लोइक ब्रुनी आला तो आतापर्यंत पाच टायटल घेऊन बसलाय. २०२२ ला लेझेमध्ये, त्यांच्याच घरी, पुरुषांचे पहिले तिन्ही फ्रेंच होते, ब्रुनी, पिएरों, वेर्जिए. ती फायनल बघताना माझ्या अंगावर काटा आला होता.

हे कशामुळे होतं? माझ्या मते लिफ्टमुळे, म्हणजे स्कीइंगवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या केबलच्या पाळण्यांमुळे. नुसत्या उंच डोंगरांनी भागलं असतं तर नेपाळ आणि आपण कधीच पुढे असतो. मॉर्झिन, लेझे ही स्कीइंगची गावं, उन्हाळ्यात त्याच लिफ्टला सायकल अडकवून वर जायचं आणि खाली यायचं, दिवसभर, परत परत. चौदा वर्षांच्या पोराला एका दिवसात जेवढे रन (वरून खालपर्यंतच्या फेऱ्या) मिळतात तेवढे दुसरीकडे सायकल ढकलत वर नेणाऱ्याला आठवड्यात मिळत नाहीत. आणि वुइयोज, बारेल, ब्रुनी तिघंही नीसकडचे! समुद्रापासून जरा आत गेलं की डोंगर सुरू, दगडधोंड्याचा ट्रॅक, हिवाळ्यातही चालवता येतं, आणि बाजूला एखादा वर्ल्ड चॅम्पियन प्रॅक्टिस करत असतो, त्याच्या मागे मागे जाऊन त्याच्या लाईन, म्हणजे ट्रॅकवर तो नेमका कुठून सायकल काढतो ते, शिकायच्या.

म्हणूनच ब्रिटनबद्दल मला उलट जास्त आदर वाटतो. त्यांचा सगळ्यात उंच बेन नेविस १३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही तीनशे मीटर कमी, आणि तिथून स्टीव्ह पीट, रेचल ॲथर्टन, तिचा भाऊ जी (Gee) ॲथर्टन अशी माणसं निघाली. रेचलने २०१६ ला वर्ल्ड कपच्या (वर्ल्ड चॅम्पियनशिप एका रेसची, हा सीझनभरच्या रेसचा) सातच्या सात रेस मारल्या. डॅनी हार्टचा २०११ चा स्वित्झर्लंडमधल्या शाँपेरीचा रन बघितला नसेल तर आज बघा, धो धो पाऊस, ट्रॅकभर चिखल, आणि हा ११ सेकंदांहून जास्त फरकाने जिंकतो, ज्या खेळात सेकंदाच्या शंभराव्या भागावरून निकाल लागतात! चिखलात ब्रिटिश पोरांचा हात कोणी धरू शकत नाही हे मी मान्य करतो.

अमेरिकेचं मात्र वाईट वाटतं. पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप त्यांच्याच डुरँगोला, १९९० मध्ये. नंतर पुरुषांत मोठं नाव म्हणजे एकटा ॲरन ग्विन, पाच वेळा वर्ल्ड कप ओव्हरऑल (सीझनच्या एकूण गुणांत पहिला), २०१५ ला ऑस्ट्रियातल्या लिओगांगमध्ये चेन तुटलेली असताना जिंकला, तरी वर्ल्ड चॅम्पियन कधीच नाही. दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनारही एकटाच, पण २०१३ ला पीटरमारित्झबर्गला स्वतःच्या गावात टायर फ्लॅट असताना जिंकला आणि २०२१ ला एकोणचाळिसाव्या वर्षी परत! माझा सगळ्यात लाडका रायडर तोच, पण एका माणसावरून देश मोजता येत नाही.

फ्रान्सला खरा धोका कॅनडाचा वाटतो. व्हिसलरला तीच लिफ्टची सोय, बाजूच्याच स्क्वामिशचा जॅक्सन गोल्डस्टोन २०२५ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि तोही त्याच शाँपेरीच्या उतारावर.