कार्बोरेटर बदलण्याआधी सायलेन्सर उघडून बघा

दादा, नमस्कार. जुन्या चेनसॉच्या कार्बोरेटरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय, त्याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: कार्बोरेटरमधले पातळ पडदे बदला, दुरुस्तीचं किट टाका, प्रेशर तपासा हे सगळं हौशी लोकांचं काम. तुमची चार माणसं बागेत उभी असतात, त्यांची रोजंदारी चालू असते. पाचशेच्या आत नवा कार्बोरेटर मिळतो, दोन नट काढले की बसतो. ताकद कमी वाटली तर एच स्क्रू (फुल रेसचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) थोडा आत घ्यायचा, मशीन बोलायला लागते. आणि मी लोकांना उगाच घाबरवतो. शेवटी जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की तुमच्या जुन्या साठ सीसीच्या मशीनला नवा कार्बोरेटर टाकूनही रेस पटकन खाली येत नाही, "पण चालतंय, काम होतंय".

वेळेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माणसं खोळंबलेली असताना कोणी निडल (पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई) आणि पडदे घेऊन बसत नाही. ५८ सीसीची जी चिनी बनावटीची मशीन आता गावागावांत आहे, तिचा कार्बोरेटर गेला तर सरळ नवा टाका. मीही तेच करतो, कारण तिथे किट आणि अख्खा कार्बोरेटर यांच्या किमतीत फारसं अंतरच उरत नाही. पण माझा लेख त्या मशीनबद्दल नव्हता. तो स्टिल ०३६, ०७०, हुस्कवर्ना २६८ अशा मशीनबद्दल होता, ज्यांचं इंजिन नीट ठेवलं तर अजून कित्येक वर्षं साथ देईल आणि ज्यांचे पिस्टन-सिलिंडर आता मिळवावे लागतात, सहज मिळत नाहीत. अशा मशीनवर कार्बोरेटर बदलून बघू, जमलं तर जमलं, हा हिशोब महागात जातो. आणि तुमच्या प्रतिक्रियेतली मला काळजी वाटायला लावणारी गोष्ट म्हणजे ते शेवटचं वाक्य.

रेस सोडली तरी इंजिन एकदम खाली येत नाही, वरच्या वर तरंगत राहतं आणि मग सावकाश उतरतं, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: आत पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते आहे. केबल किंवा बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली हवेची फिरती झडप) अडकत नसेल तर दुसरं कारण क्वचितच सापडतं. कार्बोरेटर नवा टाकूनही हे तसंच राहिलं, तर ती जास्तीची हवा कार्बोरेटरच्या पुढे कुठून तरी येते आहे. म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी बुटातून, क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) सीलमधून, नाहीतर इंजिनातल्या दाबाने पंपाचा पडदा हलवणाऱ्या इम्पल्सच्या नळीतून. नवा कार्बोरेटर यातलं काहीही दुरुस्त करत नाही.

आणि चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात ही गोष्ट त्याच्या जिवावर बेतते. या इंजिनात वेगळं इंजिन ऑइल नसतं. पिस्टन, बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, सगळ्यांना तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच: ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. एच स्क्रू आत घेतला की फुल रेसला पेट्रोल कमी जातं, त्याबरोबर तेलही कमी जातं, आणि पेट्रोलची वाफ होताना आतली जी उष्णता शोषली जाते तीही घटते. तिन्ही गोष्टी एकदम, आणि त्याही इंजिन सर्वांत जास्त तापलेलं असताना. मशीन "बोलायला लागते" म्हणून तुम्हाला जी ताकद वाटते ती पोकळ रेस असते. लाकडाच्या बाहेर आवाज तीक्ष्ण होतो, लाकडात घातल्यावर मात्र ती तेवढं ओढत नाही.

लांज्याकडच्या एका बागायतदाराची मशीन माझ्याकडे आली होती. तक्रार अगदी तुमच्यासारखीच. कार्बोरेटर नवा, प्लग नवा, फिल्टर नवा. मी कार्बोरेटरला हात न लावता सायलेन्सरचे बोल्ट काढले. दोरी हळू ओढून पिस्टन खाली-वर केला आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून बॅटरी मारली. पिस्टनच्या त्या बाजूला उभ्या रेघा उठलेल्या, मधे ॲल्युमिनियम चोपडून करडं झालेलं, आणि वरची रिंग एका जागी खाचेत दाबून बसलेली. मग कार्बोरेटर उतरवून मागचा रबरी बूट बाहेर काढला. नुसता बघितला तर धड दिसत होता. दोन अंगठ्यांनी वाकवला तेव्हा घडीच्या आत, अगदी मुळाशी, चीर उघडली. इंजिन थंड असताना ती चीर मिटलेली राहायची. मशीन तापून थरथरायला लागली की उघडायची आणि हवा खायची. जो भाग सगळ्यांत स्वस्त होता तो राहून गेला, आणि त्याच्यापायी पिस्टन-सिलिंडर गेलं. तुमच्या मशीनचं तसं होऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून माझ्या लेखातला क्रम. तो वेळ खाणारा नाही, उलट वेळ वाचवणारा आहे. मशीन सुरू होते, चार-पाच मिनिटं छान चालते आणि मग जीव सोडते? टाकीचं झाकण सैल करा. सूं करून हवा आत ओढली गेली आणि मशीन पुन्हा धरली, तर टाकीचा व्हेंट (हवा आत यायचं छिद्र) तुंबलाय, कार्बोरेटर निर्दोष आहे. फुल रेसला दम तोडते? टाकीतला फिल्टर काढून बघा आणि सायलेन्सरमधली जाळी काजळीने बुजलीय का ते बघा. गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्याशिवाय स्पार्कच देत नाही? कॉइल. यातल्या कशालाही अर्धा तास लागत नाही, आणि बागेतसुद्धा करता येतं.

खरा कार्बोरेटरचा दोष वेगळा ओळखू येतो. चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते, हे त्याचं ठळक लक्षण. वॉलब्रो, झामा, टिलॉटसन, कुठलाही घ्या, चेनसॉच्या कार्बोरेटरला मोटारसायकलसारखी फ्लोटची वाटी नसते, कारण मशीन आडवी-उभी कशीही धरावी लागते. त्याऐवजी दोन पडदे असतात. एक पंपाचा, जो क्रँककेसच्या दाबावर फडफडून टाकीतून पेट्रोल ओढतो. १२,००० आरपीएमला तो सेकंदाला २०० वेळा हलतो. दुसरा मीटरिंगचा, जो लिव्हर दाबून निडल उघडतो. हे पडदे वर्षानुवर्षं पेट्रोल सुकत गेल्याने ताठ होतात. मीटरिंगचा पडदा काढून बोटाने दाबा. नवा असेल तर आवाज न करता लवतो, मेलेला असेल तर पापडासारखा करकरतो. तो ताठ झाला की निडल उशिरा आणि कमी उघडते, पेट्रोल कमी पडतं, आणि आपण एल (कमी रेसचा) आणि एच दोन्ही स्क्रू बाहेर काढत राहतो तरी समाधान होत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर हेच मोठ्या प्रमाणावर बघायला मिळालं. रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आंब्याचे जुने वृक्ष मुळासकट गेले, आणि माळ्यावर पडलेल्या मशीन एकाएकी खाली आल्या. टाकीत कधीचं तरी पेट्रोल-तेलाचं मिक्श्चर तसंच. त्यांतल्या पुष्कळ मशीन फक्त पडदे, गॅस्केट आणि इनलेटची बारीक जाळी साफ करून चालू झाल्या. त्या दिवसांत पार्सलने नवा कार्बोरेटर मागवायचा म्हटलं असतं तर रस्ते आधी मोकळे व्हायला हवे होते, आणि रस्ते मोकळे करायला तीच मशीन हवी होती.

आता तुम्ही न विचारलेली, पण तुमच्या एच स्क्रूशी थेट संबंध असलेली गोष्ट: पेट्रोल. देशात १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठलं, आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे २० टक्क्यांच्या मिश्रणाला १३.५ च्या आसपास पुरते. सरळ अर्थ असा की जुन्या पेट्रोलवर अचूक लावलेली मशीन आज, स्क्रूला कोणीही हात न लावता, आपोआप पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रणावर चालते आहे. तिचा एच स्क्रू थोडा बाहेर यायला हवा, आणि तुम्ही तो आत घेताय. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी आठवडेच्या आठवडे ठेवली, तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीतला फिल्टरही तळालाच लोंबकळत असतो, आणि तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहिलेलं असतं. बिनतेलाचा तो थर इंजिनात जाणं किती वाईट, हे वेगळं सांगायला नको. मिक्श्चर लागेल तेवढंच करा आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

एच स्क्रू लावायचा कसा, हे तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतो. एअर फिल्टर स्वच्छ, चेन धारदार, इंजिन तापलेलं. दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बसवून साधारण एक आटा बाहेर, ही बहुतेक मशीनची सुरुवात. मग लाकडाच्या बाहेर थोडा वेळ फुल रेस द्या आणि ऐका. अखंड, गुळगुळीत, तीक्ष्ण आवाज आला तर स्क्रू थोडाथोडा बाहेर घ्या, जोवर आवाजात फडफड येत नाही. मेकॅनिक याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. आता बार (ज्यावर चेन फिरते ती पट्टी) लाकडात घाला. भार पडताच ती फडफड नाहीशी होऊन आवाज साफ झाला पाहिजे, आणि बार बाहेर काढला की परत यायला पाहिजे. तो आवाज एकदा कानात बसला की टॅकोमीटर नसला तरी चालतं. फडफड नको म्हणून स्क्रू आत घेणारे पुष्कळ भेटतात, पण तीच फडफड पिस्टन वाचवत असते.

प्रेशर टेस्टची तुम्ही टिंगल केलीत, पण ती वाटते तेवढी अवघड नाही. बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काट्याचं घड्याळ पुरतं. ३०० मिमी पारा म्हणजे साधारण ०.४ बार. नळी कार्बोरेटरच्या पेट्रोल घेणाऱ्या टोकावर घट्ट बसवा, हवा भरा आणि काटा बघा. तो जागचा हलता कामा नये. उतरला तर कार्बोरेटर तसाच रॉकेलमध्ये बुडवा, बुडबुडे कुठून येतात त्यावरून दोष निडलमध्ये आहे की पंपाच्या गॅस्केटमध्ये हे कळतं. इंजिनाची गळतीही त्याच यंत्राने कळते. सायलेन्सरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा धरून बोल्ट आवळा, कार्बोरेटरचं तोंड रबराने बंद करा, पिस्टन खाली घ्या आणि प्लगच्या भोकातून हवा भरा. सील आणि बुटावर साबणाचं पाणी लावा. काही सील दाबाला टिकतात आणि ओढ लागली की गळतात, म्हणून गॅरेजमधला हाताचा व्हॅक्यूम पंप मिळाला तर तोही लावून बघा.

कार्बोरेटर उघडायची वेळ आलीच तर तार घालून जेट साफ करू नका, आणि मुख्य नोझलमध्ये कंप्रेसरची जोरदार हवा मारू नका. आतली नाजूक झडप उडते आणि मग आयडलिंग कधीच जमत नाही. वॉलब्रोमध्ये मीटरिंगच्या बाजूला आधी गॅस्केट मग पडदा, पंपाच्या बाजूला आधी पडदा मग गॅस्केट. हे उलटं लावून "किट खराब निघालं" म्हणणारे बरेच भेटतात. उघडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जुना कार्बोरेटर टाकून द्यावा अशी वेळही येते, ते नाकारत नाही. बटरफ्लायचा दांडा बोटाने हलवला आणि खटखट वाजला, म्हणजे भोकं मोठी झालीत आणि तिथूनच हवा जाते. पाण्याने आतली धातू पांढरी खडबडीत झाली असेल, स्क्रूचे आटे गेले असतील, तर किट टाकून उपयोग नाही. फक्त नवा घेताना जुन्याच्या अंगावर कोरलेला नंबर जुळवा. दिसायला सारखे असलेले दोन कार्बोरेटर आतल्या भोकांच्या मापात वेगळे असतात, आणि एच स्क्रू कितीही फिरवला तरी ते अंतर भरून निघतंच असं नाही.

तुमच्या साठ सीसीच्या मशीनचं मात्र उद्या कामाला काढायच्या आधी एवढं करा: एच स्क्रू आत घेतलेला परत बाहेर आणा, सायलेन्सर काढून पिस्टन बघा, बूट काढून वाकवून बघा. पिस्टन स्वच्छ असेल तर अजून काही बिघडलेलं नाही, बूट आणि सील बदलून मशीन धडधाकट होईल. रेघा दिसल्या तर तिथेच थांबा, एक झाडही तोडू नका. काढून ठेवलेला जुना कार्बोरेटर फेकला नसेल तर त्याच्यावरचा नंबर आणि पिस्टनचा फोटो इथे टाका, कुठलं किट लागेल ते सांगतो.