'कुठलीही लांब कड कापा, फरक पडत नाही' – पडतो!

सांगलीतल्या आमच्या प्रोग्रामिंगच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'ब्रांच अँड बाउंडमध्ये सिम्प्लेक्स कापताना सगळ्यात लांब कड मधोमध कापा. तशा अनेक असल्या तर कुठलीही घ्या, फरक पडत नाही. दर कापाला घनफळ निम्मं, म्हणजे अचूकता दुप्पट. पशुखाद्याच्या मिश्रणाला तर हे हवंच.'

ब्रांच अँड बाउंड म्हणजे सगळ्या शक्यतांचा प्रदेश तुकड्यांत कापत जायचं, प्रत्येक तुकड्यात उत्तर फार तर किती चांगलं असेल याची मर्यादा (बाउंड) काढायची आणि निरुपयोगी तुकडे बाद करायचे. सिम्प्लेक्स म्हणजे त्रिकोण, चतुष्फलक (चार टोकांची, चार त्रिकोणी पृष्ठांची आकृती) आणि त्यांची वरच्या मितींतली भावंडं.

मेसेजचं पहिलं वाक्य ठीक. बाकीचं नाही.

शेवटापासून सुरू करतो. जिल्ह्यात गोठे कमी नाहीत, त्यामुळे उदाहरण चटकन पटतं. मका, सरकी पेंड, भुसा, मळी यांची प्रमाणं मिळून 100 टक्के, म्हणून सगळी मिश्रणं एका चतुष्फलकात मावतात, हे खरं. पण किलोचा भाव ठरलेला आणि प्रथिनांची सरळ बेरीज असेल, तर गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगची 1947 ची सिम्प्लेक्स पद्धत पुरते; ती टोकावरून टोकावर सरकत उत्तर गाठते. तिथे काहीच कापायचं नसतं. नावसाधर्म्याने केलेली गल्लत आहे ही. प्रमाणांचे आपसांत गुणाकार येऊन खर्चाच्या आलेखात अनेक खड्डे (आसपासच्यांहून स्वस्त, पण सगळ्यांत स्वस्त असतीलच असं नाही, अशी मिश्रणं) पडले, की मग सुरी काढावी.

आता 'कुठलीही घ्या'. सगळ्या कडा 1 लांबीच्या असलेला चतुष्फलक घ्या, टोकं 1, 2, 3, 4. कड 1-2 कापली. टोक 1 असलेल्या अर्ध्यात 1-3, 1-4 आणि 3-4 या तिन्ही अजून 1 लांबीच्याच. प्रत्येक तुकड्याची प्रत्येक कड 0.5 किंवा त्याहून कमी होईतो कापत राहायचं ठरवलं. दोन्ही अर्ध्यांत समोरची 3-4 घेतली तर शेवटी 24 तुकडे होतात. एकीकडे 1-3 आणि दुसरीकडे 2-3 घेतली तर 32. वहीवर दोनदा मोजलं, कारण मला उलटं वाटलं होतं: 32 च्या वाटेवर तिसऱ्याच फेरीला (एका फेरीत प्रत्येक तुकडा एकदा कापायचा) निम्म्या कडेचे दोन सुबक चतुष्फलक सुटे होतात, 24 च्या वाटेवर एकही नाही. सुबकपणाला भुललो.

याच 24 च्या वाटेवर तीन फेऱ्यांनंतर घनफळ एक अष्टमांश होतं, पण सगळ्यात लांब कड 1 वरून जेमतेम 0.866 वर येते. बाउंड किती नेमका, हे बहुधा तुकड्याच्या लांबीवर ठरतं, घनफळावर नाही. तेव्हा 'अचूकता दुप्पट' सोडा.

मेसेज लिहिणाऱ्याने त्रिकोणावर पाहिलं असावं. तिथे बरोबरीतल्या बाजू आरशातल्यासारख्या, निवडीने खरंच काही बिघडत नाही. शिवाय रोझेनबर्ग आणि स्टेंगर यांनी 1975 मध्येच दाखवलंय, की असं कितीही कापलं तरी कोन मूळच्या सर्वांत लहान कोनाच्या निम्म्याखाली जात नाही.

प्रत्यक्ष शोधात बरेच तुकडे आधीच बाद होतात, त्यामुळे 24 ला 32 हेच प्रमाण सगळीकडे निघेल असं मी म्हणत नाही. पण कोड उघडून बघा. टोकांच्या क्रमाने लूप फिरवून पहिली सापडलेली लांब कड घेतलीत तर 1-2 मागून 1-3 येते. शेवटची सापडलेली घेतलीत तर 3-4 मागून 2-3. दोन्हीकडे 32 च!