मूळ संख्यांचा 'कधीच न चुकणारा' फॉर्म्युला? ४० टाकून बघा

फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तो मेसेज टाकलाय. कुठलाही आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, त्यात तोच आकडा मिळवा, वर ४१ मिळवा, उत्तर कायम मूळ संख्याच, "हजारो लोकांनी चेक केलंय, एखाद्या ठिकाणी चुकलं तरी अपवादानेच नियम सिद्ध होतो". आणि खाली शेपूट, गणिती कापरेकरांचा ६१७४ पण (अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेला आकडा वजा करा, असं करत राहिलं की शेवटी ६१७४) असाच प्रत्येक चार अंकी आकड्याला चालतो म्हणे.

पहिलं, ते "कायम". १ टाका ४३, २ टाका ४७, ३ ला ५३, झकास चाललंय, अगदी ३९ ला १६०१, तीही मूळच. आता ४० टाका. १६०० अधिक ४० अधिक ४१, झाले १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. कॅल्क्युलेटर पण नको खरं तर, ४० चा वर्ग अधिक ४० म्हणजे ४१ चाळीस वेळा, त्यात अजून एक ४१, खेळ खल्लास. आणि ४१ टाकलं तर तिन्ही तुकड्यांना ४१ ने भाग जातो, हे तर नुसतं बघूनच कळतं.

"चेक केलंय" चं काय? फर्मासारख्या मोठ्या गणितज्ञालाही वाटायचं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या ओळीतल्या (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात, त्यात एक मिळवून) सगळ्याच मूळ असणार. पुढची ४२९४९६७२९७, तिला ६४१ ने भाग जातो हे गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं. पोल्या या गणितज्ञाचा संख्यांच्या मूळ अवयवांबद्दलचा १९१९ चा अंदाज तर नव्वद कोटींच्या पुढेपर्यंत टिकतो, पहिल्यांदा फसतो तो ९०६१५०२५७ ला!

अपवादाचं म्हणाल तर ते शुद्धलेखनात चालतं हो काका. गणितात "प्रत्येक" म्हटलं की एक प्रत्युदाहरण पुरे. "० ते ३९ साठी" एवढंच लिहिलं असतं तर मेसेज खरा होता.

राहिला ६१७४. देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं काम अस्सल आहे, पण चारही अंक सारखे नकोत ही अट मेसेजमध्ये गाळलीय. ११११ घ्या, अंक उतरते लावा की चढते, ११११ च, वजा केलं की थेट शून्य. मात्र ग्रुपवर कुणीतरी लगेच "२१११ ला पण फसतं" असं टाकलंय, ते चूक. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, ते ०९९९ असं चार अंकीच धरायचं, मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पुढचं शून्य खाल्लंत तर फसलात तुम्ही, कापरेकर नाही.