शाळेत काउन्सेलर व्हायचंय म्हणणाऱ्या आमच्या मंडळीतल्या पोरापोरींसाठी

बारावीचे निकाल लागल्यापासून मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तिघाचौघांनी मला इनबॉक्समध्ये एकच विचारलंय, ताई, ख्रिस्ती काउन्सेलर व्हायचंय, शाळेत काम करायचंय, कुठला कोर्स करू? प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा इथेच लिहिते. लांब होईल पण पूर्ण वाचा आणि घरी आईवडिलांनाही वाचायला द्या.

मी स्वतः एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रॅक्टिकमसाठी, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष कामासाठी, इथल्याच एका शाळेत जाते. शाळेचं नाव सांगणार नाही, आणि तिथल्या एकाही लेकराची गोष्ट इथे येणार नाही, नाव बदलून सुद्धा नाही. सोलापुरात कोण कुणाचं हे लोकांना दोन खुणांवरून कळतं, त्यामुळे हा नियम आधी स्वतःला लावायचा.

कोर्सचं पटकन सांगते. बीएला सायकॉलॉजी घ्या, नंतर एमए, आणि कॉलेजला जाऊन करा, कारण २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या ॲडमिशनपासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने, सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाईन शिकवायला बंद केलंय. अजून जुन्या जाहिराती फिरतायत, पैसे भरू नका. ज्यांचं बीएड झालंय आणि शाळेत शिकवतायत त्यांनी एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षण संस्थेचा गायडन्स आणि काउन्सेलिंगचा डिप्लोमा बघा. आणि एक लक्षात ठेवा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं, आपण ते नाही. आपलं काम ऐकायचं, ओळखायचं आणि वेळेवर पुढे पाठवायचं.

आता जे मला खरं बोलायचंय ते. आपल्याकडे समज असा आहे की चांगला विश्वासणारा माणूस आपोआप चांगला काउन्सेलर होतो. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, शिकवते, बायबलची वचनं पाठ आहेत, प्रार्थनेत डोळ्यांत पाणी येतं, झालं, मुलांना समजावून सांगेल. मला हे मान्य नाही. दहावीतली मुलगी समोर येऊन म्हणते मला जगायचंच नाही, तेव्हा तिला वचन ऐकवून घरी पाठवणं हे धोक्याचं आहे. तिला सरळ विचारावं लागतं की मरायचे विचार येतात का, काही ठरवलंयस का, घरी काय काय हाताशी आहे. असं विचारल्याने तिच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून ती बोलायला लागते. मग पालकांना कसं सांगायचं, डॉक्टरकडे कधी पाठवायचं, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर कसा द्यायचा, हे सगळं शिकावं लागतं हो, शिकल्याशिवाय येत नाही.

ज्यांना वाटतं की सायकॉलॉजी ही जगाची विद्या, आपल्याला पवित्र शास्त्र पुरे, त्यांनी तेच शास्त्र उघडून १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचावा. एलिया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतोय, आणि देवाने काय केलं? देवदूत पाठवला, भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याला देवाने आधी जेवू घातलं, मग हळू आवाजात विचारलं, एलिया, तू इथे काय करतोस? आणि सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र बघा, सात दिवस सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तिथपर्यंत ते उत्तम होते. तोंड उघडून तुझंच काहीतरी पाप असणार म्हणायला लागले आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी प्रभू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या टर्मला हेच घोटून घेतात, की समोरच्याला काय हवंय ते आपण ठरवायचं नाही. प्रत्येक सेशन झाल्यावर बोललेलं आठवून शब्दन् शब्द लिहायचं आणि सुपरवायझर एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारतात, हा प्रश्न मुलासाठी होता की तुझ्या उत्सुकतेसाठी.

कार्ल रॉजर्स, ज्याचं नाव काउन्सेलिंगच्या प्रत्येक वर्गात येतं, तो धर्मसेवक व्हायच्या वाटेवर होता, न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकत होता, तिथून तो सायकॉलॉजीकडे वळला. त्याने सांगितलेला विनाअट स्वीकार मी वर्गात पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यात आपली कृपाच दिसली, कमावून मिळत नाही ती. आणि आपल्या पंडिता रमाबाई? पुण्याला जाताना केडगाव लागतं, त्या केडगावच्या. १८८६ ला त्या अमेरिकेला गेल्या तर नुसती भाषणं देऊन आल्या नाहीत, फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचं शिक्षण घेतलं, आणि मग १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. त्यांच्या विश्वासाबद्दल कुणी शंका घेईल का? तरी त्या शिकल्या.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. आपल्या समोर बसणारी मुलं बहुतेक ख्रिस्ती नसणार. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू घरची पोरं, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध, धनगर. कुणाची आई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळते, कुणाचा बाप कापडाच्या मागावरचं काम करून रात्री येतो, घरात तेलुगू नाहीतर कन्नड, आणि शाळेत मराठीत बोल म्हणतात. ते मूल माझ्यासमोर बसलंय कारण शाळेने पाठवलंय, ते उठून जाऊ शकत नाही. अशा लेकरासमोर माझा धर्म मांडणं हा माझ्या हातातल्या अधिकाराचा गैरवापर आहे, असं मी ख्रिस्ती म्हणून म्हणते. घटनेचं कलम २८ सुद्धा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात बसवू देत नाही. पालकांच्या मनात शंका असतात, आपलं आडनाव वाचूनच काही जण सावध होतात, मला माहिताय. त्यावर उपाय एकच, वागणं इतकं स्वच्छ ठेवायचं की त्यांनी कधीही दार उघडून आत यावं. मूल स्वतःहून देवाबद्दल बोललं तर ऐकायचं, त्याच्या घरच्या देवाबद्दल बोललं तरी तितक्याच आदराने ऐकायचं.

आणि प्रार्थना विनंतीचा ग्रुप. यावर मला लई तळमळीने बोलायचंय. अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिला असं असं होतंय, असा मेसेज मंडळीच्या व्हॉट्सॲपवर पडतो, हेतू चांगलाच असतो, आणि तासाभरात ती मुलगी सगळ्या गावाची होते. काउन्सेलरने हे कधीच करायचं नाही. मी शाळेत जायच्या आधी घरी गुडघे टेकते, नावं देवाला माहीत आहेत, ती मला कुणाला सांगायची गरज नाही.

पण गुप्ततेला हद्द आहे आणि ती मुलाला पहिल्या भेटीतच सांगायची. जिवाला धोका असेल तर, आणि कुणी लैंगिक त्रास देत असेल तर, मी गप्प बसणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, नाही कळवलं तर कलम २१ ने शिक्षा आहे. इथे क्षमा कर, घरातलं घरात मिटव, मंडळीची बदनामी नको, हे चालत नाही. पास्टर लोकांना हात जोडून सांगते, अशा वेळी लेकराला क्षमेचा उपदेश करू नका, आधी त्याला सुरक्षित करा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन लावा. लहानांना अडखळण करणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याची भाषा प्रभूने केलीय, आपण अडखळण करणाऱ्याला झाकायचं?

काम मिळेल का, हे पण विचारलंय. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत एक तरी ट्रेनिंग घेतलेला काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. शाळा लगेच भरती करतील असं नाही, पगार सुरुवातीला कमी असेल, पण गरज आहे आणि माणसं तयार नाहीत.

म्हणून मंडळीच्या कमिटीला माझी उघड मागणी आहे. यंदा कन्व्हेन्शनच्या, म्हणजे आपल्या मोठ्या प्रार्थना सभांच्या, मंडप आणि साउंडच्या खर्चातून थोडं बाजूला काढून दोन पोरींची एमएची फी भरा, त्या आपल्या शाळांत काम करोत नाहीतर झेडपीच्या, अट घालू नका. मी पुढच्या मीटिंगला लेखी अर्ज देतेय, ज्यांना सही करायची त्यांनी रविवारी भक्तीनंतर थांबा.